कॉकपिट की एसएसएच? लिनक्स सर्व्हर लांबून सांभाळताना

लिनक्स सर्व्हर लांबून सांभाळायचा तर माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: एसएसएच, म्हणजे सुरक्षित जोडणीतून थेट टर्मिनलवर कमांड देणं, किंवा कॉकपिट, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायचं पॅनेल. सर्व्हरवर अख्खा डेस्कटॉप टाकून व्हीएनसीने (तो डेस्कटॉप लांबून आपल्या पडद्यावर दाखवणारं साधन) काम करणारे अजून भेटतात, पण मोजक्या रॅममधली बरीचशी त्या डेस्कटॉपनेच खावी हे मला पटत नाही. तो पर्याय सोडून देतो.

आधी कॉकपिटबद्दल चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. जुन्या पॅनेलांसारखा ते स्वतःचा वेगळा संसार थाटत नाही. आपण टर्मिनलवरून ज्या सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारी लिनक्सची व्यवस्था) आणि नेटवर्कमॅनेजरशी बोलतो, त्यांच्याशीच ते बोलतं. म्हणून टर्मिनलवर बंद केलेली सर्व्हिस तिथेही लगेच बंद दिसते. कोणी वापरत नसेल तेव्हा ते चालूही नसतं, ९०९० पोर्टवर कोणी आलं की सिस्टिमडी त्याला उठवतं. नेटवर्कच्या बाबतीत तर ते मला टर्मिनलपेक्षा सरस वाटतं. चुकीचा आयपी दिला आणि कनेक्शन तुटलं, तर कॉकपिट तो बदल आपोआप मागे घेतं. एसएसएचवर हेच झालं तर डेटा सेंटरला फोन करायची वेळ येते. उबंटूवर नेटवर्कचा बदल आधी आजमावून बघणारी ‘नेटप्लॅन ट्राय’ ही कमांड आहे. १२० सेकंदांत होकार दिला नाही तर जुनी सेटिंग परत येते. पण ते वापरायचं भान आपल्यालाच ठेवावं लागतं.

मग माझं बिनसलं कुठे? केलेलं काम दुसऱ्याच्या हाती देताना.

आमचे सगळे सर्व्हर एका वयाचे नाहीत. रात्रपाळीचा सहकारी फोनवर विचारतो, ‘सर, फायरवॉलमध्ये एचटीटीपीएस कुठून उघडू?’ मी माझ्या स्क्रीनकडे बघत सांगतो, नेटवर्किंगमध्ये जा, फायरवॉलच्या चौकटीत ‘एडिट रूल्स अँड झोन्स’ दाब. तो म्हणतो, ‘असं बटणच नाहीये.’ त्याच्या सर्व्हरवरचं कॉकपिट जुनं. मग त्याने स्क्रीनशॉट पाठवायचा, मी त्यावर लाल गोल करून परत पाठवायचा, आणि तोवर साइट बंदच. तेच काम फायरवॉल-सीएमडी या कमांडच्या दोन ओळींचं आहे: एक कायमचा नियम टाकणारी, दुसरी रिलोड करणारी. व्हॉट्सॲपवर पाठवल्या, त्याने पेस्ट केल्या, संपलं. (पाठवण्याआधी ओळ एकदा बघून घ्या. काही फोन दोन डॅशचा मिळून एक लांब डॅश करतात आणि कमांड अडते.)

शिवाय त्याच ओळी गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन) जातात, पुढे अन्सिबलच्या प्लेबुकमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हरवर तेच काम आपोआप करणाऱ्या यादीत. उद्या कोणी विचारलं, ‘हे पोर्ट कशासाठी उघडलंय?’, तर गिटमधल्या त्या नोंदीच्या (कमिटच्या) टिपणात उत्तर सापडतं. कॉकपिटमधल्या क्लिकच्या खुणा जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, मिळतीलही, पण त्या वाचून दुसऱ्या सर्व्हरवर तेच काम जसंच्या तसं करणं मला तरी जमलेलं नाही.

सुरक्षेवरून मात्र निकाल लावू नका. वेबमिन या कॉकपिटसारख्याच जुन्या पॅनेलच्या डाउनलोडमध्येच कोणीतरी बॅकडोअर (चोरवाट) घुसवल्याचं ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनामार्गे थेट एसएसएचपर्यंत पोचण्याचा डाव थोडक्यात पकडला गेला. धोका दोन्हीकडे आहे.

एकटेच एखादा सर्व्हर बघत असाल, डिस्क वाढवणं, अपडेट लावणं, मेमरीचा आलेख पाहणं एवढंच काम असेल, तर कॉकपिट पुरेसं ठरेल. एलव्हीएमच्या (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्सची व्यवस्था) कमांड पाठ नसतील तर डिस्कचं काम तिथे जास्त निर्धास्तपणे होतं, हे मान्य. पण दोघे-तिघे मिळून सांभाळत असाल आणि सर्व्हर वाढायची शक्यता असेल, तर मी एसएसएचच सुचवेन, सोबत टर्मिनलचं सत्र सर्व्हरवरच चालू ठेवणारं टीमक्स, म्हणजे वाटेत नेट गेलं तरी चालू काम तुटत नाही. कॉकपिट काढून टाकायची गरज नाही. ९०९० बाहेरून बंद ठेवा आणि लागेल तेव्हा एसएसएच टनेलमधून, म्हणजे एसएसएचच्याच जोडणीतून, उघडा. माझ्याकडे ते असंच आहे, मुख्यतः आलेख बघायला.