अकरा महिने सिंगल बॅटरीच्या व्हेपवर: रोजच्या वापरातला अनुभव

आधीच सांगतो, माझ्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, मॉडेलचं नाव यात लिहिणार नाहीये. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, इथे हे कायद्याने दुकानात मिळतं, पण भारतात २०१९ पासून ई-सिगारेट बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळ्यावर बंदी आहे, आणि माझं वाचून सांगलीतल्या एखाद्या पोराने ते नाव शोधून चोरून मागवावं हे मला नकोय. जो मुळात सिगारेट ओढत नाही त्याने याच्या वाटेला जाऊच नये. हे सगळं लिहितोय ते माझ्यासारख्यांसाठी, बाहेर राहणारे, चौदा-पंधरा वर्षं सिगारेट ओढलेले आणि आता ती सोडून व्हेपवर आलेले किंवा यायचा विचार करणारे.

मी कोल्ड स्टोरेज आणि एसीचं सर्व्हिसिंगचं काम करतो. दिवसभर व्हॅनमधून एका साइटवरून दुसऱ्या साइटवर. रोज पंधरा-सोळा सिगारेटी व्हायच्या. इथे शहराची स्टॉप स्मोकिंग सर्व्हिस आहे, सिगारेट सोडायला मदत करणारी, फुकट, आणि ते लोक २०१४ पासून व्हेपवाल्यांना सुद्धा बरोबर घेतात. तिथल्या बाईंनी मला आधी निकोटिनचे पॅच दिले, त्याने निम्म्यावर आलो पण सकाळच्या चहाबरोबरची काही सुटेना. मग डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकायचा व्हेप सुरू केला, तो २ एमएल लिक्विडचा, सहाशे पफवाला, कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचा तो. सिगारेट त्याने सुटली हे खरं. पण दर दोन दिवसांनी एक चांगली चार्ज होऊ शकणारी लिथियम बॅटरी कचऱ्यात टाकायची हे इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या माणसाला बघवत नाही हो. १ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबलवर बंदी आली, त्याच्या तीन आठवडे आधी मी हा घेतला.

तर हा काय आहे, एकच १८६५० बॅटरी बसते असा छोटा मॉड, म्हणजे बॅटरी आणि सर्किटवालं खालचं अंग, आणि वर लिक्विड भरायचा टँक. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्ये आणि ड्रिलमध्ये असायची तीच साइज. बॅटरी बाहेर काढता येते, आणि माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथेच आहे. पॉड टाइपच्या व्हेपमध्ये बॅटरी आत पक्की असते, ती दमली की अख्खी वस्तू गेली. यात बॅटरी दमली की पाच-सहा पौंडाची नवी टाकायची, बाकी सगळं तेच.

आता सगळे जे विचारतात ते, एक बॅटरी पुरते का. पुरते, पण तुम्ही ती कशी वापरता त्यावर आहे. पहिले दोन आठवडे मी चुकीचा वापरला. दुकानातल्या मुलाने ०.२ ओमची कॉइल, म्हणजे लिक्विड तापवून वाफ करणारी तार, लावून दिली आणि ५५ वॉटवर सेट करून दिलं, ढग निघतात भरपूर, आणि दुपारी दोनला बॅटरी संपायची. नंतर मी बसून हिशोब केला. मॉड वॉट कायम ठेवतो, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट जसे उतरतात तसे अँपिअर वाढत जातात. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट, संपत आली की ३.२ च्या आसपास, तेव्हा ५५ वॉट काढायला सर्किटचा लॉस धरून एकोणीस अँपिअर लागतात. माझ्याकडे होती सॅमसंगची ३०क्यू, ३००० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचं माप), चांगली बॅटरी आहे पण तिचं सलग रेटिंग १५ अँपिअर. म्हणजे रोज संध्याकाळी मी तिला तिच्या ताकदीबाहेर ओढत होतो आणि मॉड गरम लागतोय म्हणून मॉडला दोष देत होतो.

मग टँक बदलला. १ ओमची कॉइल, १३ वॉट, माऊथ टू लंग, म्हणजे सिगारेटसारखा झुरका आधी तोंडात घ्यायचा मग छातीत. यात बॅटरीतून जेमतेम चार-साडेचार अँपिअर जातात, ती थंडच राहते, आणि सकाळी लावलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत आरामात चालते, मी काही कमी पफ घेणारा नाही तरी. लिक्विड सुद्धा दिवसाला ३ एमएल लागतं, आधी दहाच्या वर जायचं. आणि सिगारेट सोडलेल्या माणसाला हाच झुरका ओळखीचा वाटतो, ढगवाला नाही. मला कुणी हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर दोन आठवडे वाचले असते म्हणून एवढं लांबण लावून लिहितोय.

हातात कसा आहे तर छान आहे, टँक आणि बॅटरीसकट साधारण दोनशे ग्रॅम, वर्क ट्राउझरच्या बाजूच्या खिशात आडवा पण राहतो. बाहेरून रबराचं आवरण आहे त्यामुळे दोनदा शिडीवरून खाली पडला, एकदा तर थेट काँक्रीटवर, आणि चालू राहिला. टँकची काच मात्र दुसऱ्या वेळी फुटली, बॉक्समध्ये एक जादा काच येते ती लावली आणि आणखी दोन मागवून ठेवल्या. फायरचं बटण सहाव्या महिन्यापासून खुळखुळतं, काम करतं पण खिशात आवाज येतो. बॅटरीच्या झाकणाला खाली स्क्रू आहे, त्याच्या आट्यात धूळ बसली की घट्ट होतो, महिन्यातून एकदा इअरबडने पुसतो. यूएसबीचं पोर्ट चौथ्या महिन्यात सैल झालं, केबल हलवली की चार्जिंग थांबायचं. आत बॅटरी पक्की असती तर तिथेच हा कचऱ्यात गेला असता. मी बॅटरी बाहेर काढून वेगळ्या दोन खाच्यांच्या चार्जरवर चार्ज करायला लागलो आणि आता मला वाटतं पहिल्यापासून तेच करायला हवं होतं, पोर्ट फक्त अडीअडचणीला.

थंडीचा अनुभव वेगळा लिहायला हवा कारण यावर कुणी बोलत नाही. जानेवारीत सकाळी सहाला व्हॅन उणे चारमध्ये उभी असते, रात्री मॉड व्हॅनमध्ये विसरला तर सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी सुद्धा वीक दाखवते, कारण गारठ्यात लिथियम बॅटरीचा आतला रेझिस्टन्स वाढतो आणि लोड आला की व्होल्टेज खाली बसतं. खिशात वीस मिनिटं ठेवला की परत नीट. पण गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही, शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियमचा थर धरतो आणि ती कायमची बिघडते. लिक्विडचंही तसंच, जास्त व्हीजीवालं, म्हणजे ७० टक्के ग्लिसरीनचं ७०-३०, थंडीत काकवीसारखं घट्ट होतं, कापसात पटकन शिरत नाही आणि कोरडा जळका झुरका बसतो, घसा धरतो. ५०-५० वालं वापरलं तर हा त्रास जवळजवळ नाही. उलट उन्हाळ्यात डॅशबोर्डवर राहिला की टँक गळतो, हवा तापून फुगते आणि लिक्विड खालच्या भोकातून बाहेर येतं. जुलैमध्ये एक शर्ट गेला त्यात.

आणि तो नकली बॅटरीचा प्रसंग. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून चार पौंडात दोन बॅटऱ्या मागवल्या, वर छापलेलं ९९०० एमएएच. मला कळायला हवं होतं कारण या साइजमध्ये आज चांगल्यात चांगली बॅटरी तीन-साडेतीन हजारांच्या घरात असते, त्यातही जास्त अँपिअर देणाऱ्या अडीच ते तीन हजारांच्या. हातात घेतल्यावर हलकी लागली. स्वयंपाकघरात बायको शंकरपाळ्यांचा मैदा मोजत होती, तिचा काटा घेतला, खरी बॅटरी पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅम भरते, ही भरली चौतीस. ती म्हणाली, "अरे, हे खिशात घेऊन फिरणारेस तू? घरात पोरगी आहे." त्याच संध्याकाळी दोन्हींच्या टोकांना टेप लावून सुपरमार्केटच्या बॅटरी रिसायकलिंगच्या डब्यात टाकून आलो. त्यानंतर फक्त नीट व्हेप शॉपमधून किंवा बॅटरीच्याच दुकानातून घेतो, आता मोलिसेलची पी२८ए वापरतोय, २८०० एमएएचची, माझ्या चार-साडेचार अँपिअरला ती फारच दणकट आहे पण मला ती मोकळीक हवीय.

यात एक गोष्ट जीव तोडून सांगतो. जादा बॅटरी खिशात सुटी कधीच ठेवू नका. या बॅटरीचं वरचं बटण प्लस असतं आणि बाकीचा सगळा पत्र्याचा डबा, अगदी वरच्या कडेपर्यंत, मायनस असतो, मध्ये फक्त एक कागदाची चकती आणि पातळ प्लास्टिकचं कव्हर. ते कव्हर कडेला फाटलं आणि खिशात किल्ल्या किंवा नाणी असली की थेट शॉर्ट सर्किट, आणि मग जे होतं ते मांडीवर होतं. प्लास्टिकची डबी एक पौंडात मिळते. कव्हर फाटलं तर नवं गुंडाळून मिळतं, हीट श्रिंकचं, म्हणजे गरम केलं की आवळणारं असतं, हेअर ड्रायरने मी स्वतः बसवतो, दोन मिनिटांचं काम.

कॉइल माझी बारा-तेरा दिवस टिकते. गोड लिक्विड घातलं तर पाच दिवसात काळी, कारण त्यातलं स्वीटनर तारेवर करपून बसतं. मँगो म्हणून जे विकतात ते मी दोनदा घेतलं, आमरसाच्या आशेने, डब्यातल्या पल्पमध्ये साखर ओतल्यासारखं लागतं, नको. आता साधं पुदिन्यासारखं मेंथॉल, एवढंच. नवी कॉइल लावली की कापसावर चार थेंब टाकून टँक भरून दहा मिनिटं थांबायचं, घाई केली की पहिल्या झुरक्यालाच कॉइल जळते आणि तो वास कितीही केलं तरी जात नाही. इथल्या नियमाने टँक २ एमएलपेक्षा मोठा नसतो त्यामुळे दिवसात दोनदा भरावा लागतो, व्हॅनमध्ये हात ग्रीसचे असताना ते कंटाळवाणं होतं हे मान्य. लिक्विडची बाटली मात्र माझ्या मुलीच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या कपाटात, टूलबॉक्समध्ये सुद्धा वेगळ्या कप्प्यात कुलपात. निकोटिन पोटात गेलं तर विष आहे, बाटलीचं झाकण मुलांना उघडू नये असं असतं पण मी त्यावर विसंबत नाही.

खर्चाचं बोलायचं तर सध्या महिन्याला नऊ बाटल्या लागतात १० एमएलच्या, तीस पौंडाच्या आसपास, आणि कॉइलचे पाच-सहा. आधी सिगारेटच्या एका पाकिटालाच पंधरा-सोळा जायचे. पण १ ऑक्टोबर २०२६ पासून १० एमएलवर २ पौंड २० पेन्स ड्यूटी लागणार आहे, त्यावर व्हॅट धरला की माझ्या वापराला महिन्याला चोवीस पौंड जास्त. ०.२ ओमवर ढग काढणाऱ्याला किती पडेल ते बघा.

दिवाळीला तीन आठवडे घरी सांगलीला गेलो होतो. मॉड, बॅटऱ्या, लिक्विड सगळं लेस्टरला कपाटात ठेवून गेलो, आयातीवरच बंदी आहे म्हटल्यावर बॅगेत घालायचा प्रश्न नव्हता. तिथल्या मेडिकलमधून २ मिलिग्रॅमचे निकोटिनचे गम घेतले आणि त्यावर काढले. पहिले चार दिवस चिडचिड झाली, मोठा भाऊ अंगणात सिगारेट ओढत बसला की तिथून उठून आईजवळ जाऊन बसायचो. मला आता सिगारेटचा वास येत नाही हे आईला कळलं होतं, ती काही बोलली नाही, फक्त एकदा शर्टाजवळ नाक नेऊन हसली. एकही सिगारेट ओढली नाही तीन आठवड्यात.

परत आल्यावर मी लिक्विडमधल्या निकोटिनमध्ये (दर एमएलला) १२ मिलिग्रॅमवरून ६ वर उतरलो, आधी सुरुवात १८ ने केली होती. व्हेप सिगारेटपेक्षा खूपच कमी घातक आहे असं एनएचएसवाले, म्हणजे इथली सरकारी आरोग्य सेवा, सांगतात, पण निरुपद्रवी आहे असं तेही म्हणत नाहीत, आणि सवय निकोटिनचीच आहे हे मला गममुळे नीट कळलं. ड्यूटी लागायच्या आधी ३ वर यायचं ठरवलंय. नवीन मॉड घेणार नाहीये, बटण खुळखुळलं तर खुळखुळू दे, फक्त मेमध्ये बॅटऱ्यांना वर्ष होईल तेव्हा दोन्ही बदलीन आणि जुन्या दोन्ही टॉर्चमध्ये वापरीन.