पायरेटेड कॉपी आणि वाटून घेतलेला पासवर्ड: धंद्यावर कशाचा किती परिणाम?

चोरून काढलेली कॉपी पाहणं (पायरसी) आणि दुसऱ्याच्या पासवर्डने नेटफ्लिक्ससारखी सेवा पाहणं, दोन्हींत फुकट पाहणं आहे, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजतात. मला ते पटत नाही.

पायरसीत माल कंपनीच्या हातातून पुरता निसटतो. कोण पाहतंय, किती पाहतंय, काहीच कळत नाही. १९९९ मध्ये इंटरनेटवरून गाणी फुकट वाटून घ्यायचं नॅपस्टर आलं, २००१ मध्ये कोर्टकचेरीपायी बंद पडलं, पण लोकांची सवय मोडली नाही. एका गाण्यासाठी अख्खी सीडी का घ्यायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. २००३ मध्ये अॅपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानाने अमेरिकेत ९९ सेंटला सुटं गाणं विकायला काढलं, २००८ मध्ये इंटरनेटवरून गाणी ऐकवणारं स्पॉटिफाय सुरू झालं. पायरसीच्या दबावाशिवाय विक्रीची पद्धत इतक्या लवकर बदलली असती, असं मला वाटत नाही. तरी कलाकाराचे पैसे बुडतात ते बुडतातच, आणि छोट्या कलाकाराला तो फटका पेलवत नाही.

पासवर्ड वाटला तर प्रेक्षक कंपनीच्याच दारात राहतो. त्याची आवडनिवड दिसते, उद्या तो ग्राहकही होतो. २०२२ मध्ये नेटफ्लिक्सकडे पैसे भरणारी सुमारे २२ कोटी कुटुंबं होती. आणखी १० कोटींहून जास्त कुटुंबं दुसऱ्याच्या खात्यावर पाहतात, असं कंपनीनेच सांगितलं. २०२३ मध्ये अमेरिकेत घराबाहेरच्या माणसासाठी महिना ७.९९ डॉलर जादा लावले. वर्गणीदार घटले नाहीत, उलट वाढले.

पायरसीवर अशी सक्ती चालत नाही. तिथे सोय आणि परवडणारी किंमतच कामी येते. सिनेमा-मालिका दाखवायचे हक्क दहा सेवांत विखुरले, प्रत्येकीची वेगळी वर्गणी लागली, की माणूस पुन्हा टॉरेंट, म्हणजे लोकांनी आपसांत वाटलेल्या फुकट फाइली, शोधू लागतो.