एलॅस्टिकसर्चची पायथन लायब्ररी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

काम असं आहे: गांधीबाग आणि इतवारीतल्या ठोक कापड दुकानांच्या मालाची यादी, सुमारे साडेतीन लाख नोंदी, आणि त्यावर शोध. नोंदी दुकानातल्याच माणसांनी टाइप केलेल्या, त्यामुळे नागपुरात बोलतात तशीच मराठी-हिंदीची मिसळ. सर्व्हर म्हणजे मुंबईच्या डेटा सेंटरमधलं भाड्याचं एकच मशीन, ८ जीबी रॅम, त्यातली ४ जीबी हीपला (सर्व्हर प्रोग्रामच्या स्वतःच्या कामाची मेमरी). त्यावर एलॅस्टिकसर्च ८ (मजकुरात शोध घेणारा सर्व्हर), आणि कोडची जोडणी अधिकृत पायथन क्लायंटने, म्हणजे त्या सर्व्हरशी बोलणाऱ्या लायब्ररीने. पॅरामीटरची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर येतो.

लायब्ररी भक्कम आहे. ती जिथे एरर फेकते, तिथे फार तर अर्धा तास जातो. खरं नुकसान होतं ते ती गप्प बसते तिथे. म्हणून एरर देणाऱ्या जागा पटकन सांगून टाकतो.

आवृत्ती ८ पासून सर्व्हरचा पत्ता पूर्ण द्यावा लागतो: एचटीटीपीएस, होस्ट आणि पोर्ट ९२००. यातलं काही राहिलं तर क्लायंट तयारच होत नाही. सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना पासवर्ड स्क्रीनवर छापतो आणि स्वतःचं सर्टिफिकेट कॉन्फिगमधल्या 'सर्ट्‌स' फोल्डरमध्ये ठेवतो. ती फाइल कोडच्या मशीनवर आणून 'सीए सर्ट्‌स'ला तिचा पाथ द्यायचा. पुष्कळ जण इथे 'व्हेरिफाय सर्ट्‌स' बंद करून मोकळे होतात. तसं करू नका, समोर आपलाच सर्व्हर आहे याची खात्री त्याने निघून जाते. मुख्य युजरचा पासवर्डही कोडमध्ये नको. हव्या त्या इंडेक्सपुरतीच (इंडेक्स म्हणजे नोंदींचा शोधता येणारा साठा) परवानगी असलेली एपीआय की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली, काढावी.

क्लायंटची आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये '८ किंवा पुढे, पण ९ च्या खाली' अशी बांधून ठेवा. ९ चा क्लायंट ८ च्या सर्व्हरशी बोलायला गेला की रिक्वेस्टच्या हेडरमधल्या आवृत्तीवरूनच ४०० (रिक्वेस्ट चुकीची) एरर मिळते. अपग्रेड करताना आधी सर्व्हर, मग क्लायंट. २०२१ साली एलॅस्टिकसर्चच्या ७.१०.२ वरून फुटून निघालेल्या ओपनसर्चला ही लायब्ररी जोडू नका. ७.१४ पासून ती समोरचा सर्व्हर तपासते आणि दुसरा असेल तर नकार देते. ओपनसर्चचा क्लायंट वेगळा आहे. जुन्या क्लायंटसाठी लिहिलेला कोड आणला तर सर्व्हरचं उत्तर थेट जेसनमध्ये बदलता येत नाही, कारण ते आता साधी डिक्शनरी नसतं. त्याचं 'बॉडी' घ्यावं लागतं. आणि दर रिक्वेस्टला नवा क्लायंट बनवू नका. अख्ख्या ॲप्लिकेशनला एकच पुरतो, तो थ्रेड-सेफ आहे (एकाच वेळी अनेक कामांनी वापरला तरी चालतो) आणि जोडण्या उघड्या ठेवून पुन्हा वापरतो.

आता गप्प जागा. पहिली म्हणजे बल्क, नोंदी गठ्ठ्याने पाठवणं. लायब्ररीच्या 'हेल्पर्स' या मदतनीस भागातलं 'पॅरलल बल्क' हे जनरेटर आहे. नुसतं कॉल केलं आणि त्यावर लूप फिरवला नाही, तर एकही नोंद जात नाही आणि एकही एरर येत नाही. 'स्ट्रीमिंग बल्क'चंही तसंच. साधं 'बल्क' एका खेपेला ५०० नोंदी पाठवतं आणि एखादी नोंद नाकारली गेली की तिथेच थांबतं. पण आधीच्या खेपा तोवर आत गेलेल्या असतात, म्हणजे यादी अर्धीच भरते. यावर दोन उपाय एकत्र लागतात. 'रेज ऑन एरर' बंद करून परत आलेली चुकांची यादी फाइलमध्ये उतरवायची. आणि प्रत्येक नोंदीला आपलाच आयडी द्यायचा, दुकानाचा कोड अधिक मालाचा कोड असा. मग स्क्रिप्ट पुन्हा चालवली तरी त्याच नोंदी वरचेवर लिहिल्या जातात, दुबार होत नाहीत. सर्व्हरवर ताण येऊन ४२९ आलेल्या नोंदी हेल्पर आपणहून पुन्हा पाठवत नाही, कारण त्याचं 'मॅक्स रिट्राइज' मुळात शून्य असतं. ते ३ करा. मग तो आधी २ सेकंद आणि पुढे दुप्पट-दुप्पट थांबून पाठवतो.

नाकारल्या जाणाऱ्या नोंदींमध्ये सगळ्यात जास्त भाव असतात: '४५० रु.', '१,२५०'. पायथनचं 'फ्लोट' देवनागरी आकडे सरळ वाचतं, फक्त स्वल्पविराम आणि 'रु.' आधी काढावे लागतात. ही सफाई पाठवण्यापूर्वीच करावी.

दुसरी गप्प जागा तारखेची. टाइमझोन नसलेली वेळ पाठवली की सर्व्हर ती यूटीसी (भारताच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ) धरतो. रात्री ८ वाजता चढवलेला माल मग दुसऱ्या दिवशीच्या पहाटे १:३० चा दिसतो. वेळ बनवतानाच 'एशिया/कोलकाता' झोन लावा. रोजच्या आवकेचा हिस्टोग्राम (दिवसवार मोजणी) काढतानाही टाइमझोन द्यावाच लागतो, नाहीतर दिवस पहाटे साडेपाचला बदलतो आणि हिशेब कुणाशीच जुळत नाही.

तिसरी जागा मोजणीची. 'एकूण किती सापडले' हा आकडा १०,००० वर अडतो. सोबत 'इतके किंवा जास्त' अशी खूण येते, पण ती वाचायची कुणाला सुचत नाही. नेमका आकडा हवा तिथेच 'ट्रॅक टोटल हिट्स' चालू करा, सगळीकडे नको. १०,००० च्या पुढची पानं मागितली तर मात्र सरळ एरर येते. त्यासाठी पॉइंट-इन-टाइम (इंडेक्सचं त्या क्षणीचं गोठवलेलं रूप) उघडून 'सर्च आफ्टर' (मागच्या पानाच्या शेवटच्या नोंदीपासून पुढे) वापरायचं. नोंद बदलल्यावर ती लगेच शोधात न दिसणं ही चूक नाही, बदल शोधात आणणारा रिफ्रेश साधारण सेकंदाने होतो. दुरुस्तीच्या स्क्रीनवर 'रिफ्रेश'ला 'वेट फॉर' द्या, बल्कमध्ये देऊ नका.

सकाळी दुकानं उघडली की पहिला शोध नेमके १० सेकंद अडून टाइमआउट व्हायचा. रात्रभर निवांत पडलेली जोडणी मधल्या फायरवॉलने तोडलेली असते. क्लायंटला ते ठाऊक नसतं, तो मेलेल्या जोडणीवर रिक्वेस्ट टाकून वाट बघतो. टाइमआउटनंतर पुन्हा प्रयत्न करणं डीफॉल्टमध्ये बंद आहे. शोधासाठी 'रिक्वेस्ट टाइमआउट' ३ सेकंद आणि 'रिट्राय ऑन टाइमआउट' चालू, बल्कसाठी ६० सेकंद. दोन्ही 'ऑप्शन्स'मधून वेगवेगळे देता येतात. तेव्हापासून तक्रार नाही.

आणि आता मराठी. इथे लायब्ररी काहीच सांगत नाही, कारण तिच्या दृष्टीने सगळं सुरळीत असतं: रिक्वेस्ट गेली, 'ठीक' सांगणारा २०० कोड आला, यादी रिकामी. एलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीचे तयार ॲनालायझर (मजकूर शोधाजोग्या शब्दांत फोडणारे) आहेत, मराठीचा नाही. हिंदीचा जसाच्या तसा लावला तर त्याचा स्टेमर (प्रत्यय कापून मूळ शब्द काढणारा भाग) शब्द चुकीच्या जागी तोडतो. 'जुने'मधला 'ने' हिंदी प्रत्यय समजून कापतो आणि हाती 'जु' उरतो. 'देवकर', 'बनकर' अशा आडनावांच्या दुकानांचा 'कर' जातो आणि 'देव', 'बन' राहतात. स्टेमर काढून टाका. त्याच्या आधीचे फिल्टर, म्हणजे शब्द एकसारखे करणाऱ्या पायऱ्या, मात्र सोन्यासारखे आहेत, ते ठेवा.

'डेसिमल डिजिट' फिल्टरमुळे '४४ इंची पन्हा' कुठल्याही लिपीतल्या आकड्यांनी शोधला तरी सापडतो. 'हिंदी नॉर्मलायझेशन' नुक्ता काढतो, त्यामुळे हिंदी वळणाची 'साड़ी' आणि आपली 'साडी' एक होतात. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मिटवतो, म्हणून 'सुती' आणि 'सूती' दोन्ही चालतात. 'आ'चा 'अ' करतो, म्हणून 'आस्तर' लिहिलं तरी 'अस्तर' मिळतं. 'दोऱ्या' हा शब्द कुणी 'ऱ' वापरून टाइप करतं, कुणी साधा 'र' आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला वेगळे. हा फिल्टर दोन्ही एकाच रूपावर आणतो. याची किंमतही आहे: 'मोल' आणि 'मॉल' एक होतात, 'शिर' आणि 'शीर'सुद्धा. म्हणून त्याच मजकुराचं दुसरं सबफील्ड (वेगळ्या पद्धतीने साठवलेली प्रत) नॉर्मलायझेशनशिवाय ठेवून शोधताना त्याला दुप्पट वजन द्या. जसंच्या तसं जुळलेलं वर येतं.

विभक्ती आणि अनेकवचन मात्र घरीच सांभाळावं लागतं. 'लुगडे', 'लुगडं', 'लुगडी', 'लुगड्यांचे' यांना कुठलाच तयार फिल्टर एकत्र आणत नाही. त्यासाठी 'स्टेमर ओव्हरराइड'मध्ये 'हे रूप, हा मूळ शब्द' अशी हातांनी यादी बनवायची. कापडाच्या धंद्याला ३००-४०० शब्द पुरले. इथे क्रम चुकला की सगळं वाया जातं. हा फिल्टर नॉर्मलायझेशनच्या आधी ठेवा, आणि यादीतला मूळ शब्द नॉर्मलाइझ झालेल्या रूपातच लिहा, कारण याने बदललेल्या शब्दाला 'हिंदी नॉर्मलायझेशन' पुढे हात लावत नाही. नंतर ठेवला तर 'साड्या' त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत हलन्त गळून 'साडया' झालेलं असतं आणि यादीतल्या शब्दाशी जुळत नाही. यादी आणि मजकूर दोन्ही पायथनमध्येच युनिकोड एनएफसी (अक्षरांचं एकच ठरलेलं रूप) करून घ्या.

समानार्थी शब्दांत 'पातळ'ने सगळ्यात जास्त घोळ घातला. विदर्भात पातळ म्हणजे साडी, आणि पातळ म्हणजे जाड नसलेलं. 'पातळ, साडी, लुगडे' असा नियम लिहिला की 'पातळ अस्तर' मागणाऱ्यासमोर साड्यांचा ढीग पडतो. एकटा 'पातळ' नियमातून काढला आणि 'नऊवारी पातळ, नऊवारी साडी, नऊवारी लुगडे' असा जोडशब्दांचा नियम ठेवला. जोडशब्दांसाठी 'सिनॉनिम ग्राफ' हाच फिल्टर, आणि तोही फक्त शोधाच्या बाजूच्या ॲनालायझरमध्ये. 'अपडेटेबल' करून ठेवला तर यादी बदलल्यावर ॲनालायझर रीलोड करून भागतं, इंडेक्स पुन्हा भरावा लागत नाही.

पत्त्यांचा वेगळाच प्रश्न. 'प्रतापनगर' आणि 'प्रताप नगर', 'लक्ष्मीनगर' आणि 'लक्ष्मी नगर'. पत्त्याच्या वेगळ्या सबफील्डवर लागोपाठचे दोन शब्द जोडणारा 'शिंगल' फिल्टर लावून त्याचा सेपरेटर रिकामा ठेवला की जोडून लिहा वा तोडून, दोन्ही सापडतात. 'बर्डी', 'सिताबर्डी', 'सीताबर्डी' या एकाच भागाच्या नावांना मात्र समानार्थीचाच नियम लागतो, निदान 'बर्डी'साठी.

काहीही बदललं की 'इंडायसेस ॲनलाइझ' कॉलला तो शब्द देऊन बाहेर काय पडतं ते बघा. रोज चुकणारे ५० शब्द एका टेस्ट फाइलमध्ये ठेवले की यादीतला प्रत्येक बदल मिनिटभरात तपासून होतो.

इंडेक्सच्या बाजूचा ॲनालायझर बदलला तर जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून कोडमध्ये इंडेक्सचं खरं नाव लिहू नका, एलियास (टोपणनाव) लिहा. नवा इंडेक्स वेगळ्या नावाने बनवा, मशीन एकच असल्याने रेप्लिका (दुसऱ्या मशीनवरची जादा प्रत) ० ठेवा, नाहीतर स्टेटस कायम पिवळं राहतं. रीइंडेक्स (जुन्या इंडेक्समधून नव्यात नोंदी भरणं) लांबतो, म्हणून तो 'वेट फॉर कम्प्लीशन' बंद ठेवून सुरू करा आणि टास्कचा आयडी जपून ठेवा. त्या काळात डेटा दुप्पट जागा खातो, आणि डिस्क ९५ टक्के भरली की सर्व्हर लिहिणं बंद करतो. जागा आधी बघून घ्या. टास्क संपल्यावर नव्या इंडेक्सला एकदा रिफ्रेश द्या, दोन्हीकडचा काउंट जुळवा, टेस्ट फाइल नव्यावर चालवा आणि मग एकाच कॉलमध्ये एलियास जुन्यावरून काढून नव्यावर लावा. जुना इंडेक्स आठवडाभर तसाच राहू द्या.