संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाचे आठ महिने: एका अंगणवाडी सेविकेचा अनुभव

मी दारव्हा तालुक्यातील एका गावात गेली एकोणीस वर्षे अंगणवाडी सेविका आहे. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी शाळेत झाले. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. आमच्या वेळी ते पाचवीत सुरू होई, आणि सर फळ्यावर उत्तरे लिहून देत ती आम्ही वहीत उतरवून पाठ करीत असू. त्या इंग्रजीवर दहावी पार पडली आणि पुढे वीस-बावीस वर्षे त्या भाषेशी माझा काही संबंध उरला नाही.

२०२१ साली मुलांची वजने-उंची नोंदवण्यासाठी पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप आले आणि ते इंग्रजीत होते. राज्यभरातील सेविकांनी तेव्हा मराठीची मागणी करून शासनाचे मोबाइल परत केले होते. त्यात मीही होते आणि ती मागणी रास्तच होती, असे आजही माझे मत आहे. पुढे मराठीची सोय झाली. परंतु मधल्या काळात माझी मुलगी मला कोणत्या चौकटीत काय भरायचे ते दाखवी आणि मी त्या चौकटीची जागा लक्षात ठेवून माहिती भरत असे. मी शब्द वाचत नव्हते, केवळ जागा ओळखत होते. अ‍ॅप अद्ययावत होऊन चौकट वरची खाली गेली की माझे काम अडे. ज्या मुलांची नोंद मी करीत होते ती माझ्याच गावची, माझ्या हातांनी वजन केलेली, आणि त्यांच्यापुढे काय लिहिले जाते हे मला कळत नव्हते, ही गोष्ट मला फार लागली होती. म्हणून मागच्या जुलैत, पेरणी आटोपल्यावर, मी तालुक्याच्या गावी संध्याकाळच्या वर्गात नाव घातले.

वर्ग आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. फी महिन्याला सहाशे रुपये. माझे गाव तेथून बारा किलोमीटर आहे. महिलांना २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट असल्यामुळे जाण्यायेण्याचा खर्च झेपला, नाहीतर हे जमलेच नसते. वर्गात आम्ही एकवीस जण होतो. त्यांतील चौदा-पंधरा स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली होती आणि उरलेले आम्ही प्रौढ: एक कृषी केंद्र चालवणारे भाऊ, दोन आशाताई, एक निवृत्त कंडक्टर, सासरी आलेली एक सून आणि मी.

पहिल्या तीन महिन्यांविषयी मला चांगले लिहिता येत नाही. फलकावर ‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’ असे लिहिले होते आणि त्या नव्वद दिवसांत आम्ही बारा काळांचा तक्ता पाठ केला. सर मनापासून शिकवत, पण प्रत्येक वाक्य आधी मराठीत सांगून मग त्याचे इंग्रजी करायला लावत, आणि माझी खरी अडचण तिथेच होती. आपण म्हणतो ‘मला ताप आला’, ‘मला कळते’, ‘मला भूक लागली’. मराठीत ताप येतो, भूक लागते आणि माणूस ते सोसतो. इंग्रजीत मात्र तोच माणूस ‘आय’ होऊन वाक्याच्या तोंडाशी उभा राहतो. मी कित्येक दिवस ‘मी फीवर केम’ असेच म्हणत होते. काळांच्या तक्त्यात याचे उत्तर नव्हते. ‘मला’ने सुरू होणारी पन्नास वाक्ये एका वहीत लिहून, त्यांपुढे ‘आय हॅव’, ‘आय अ‍ॅम’, ‘आय नो’ असे मांडून मी ते स्वतःच सोडवले, आणि शिकणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ही एक वही करावीच, असे मी सांगेन.

चौथ्या महिन्यात सर दुसरीकडे गेले आणि त्यांच्या जागी एक तरुण मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सर्वांना आपापल्या कामातला एक इंग्रजी कागद आणायला सांगितला. कृषी केंद्रवाल्या भाऊंनी कीटकनाशकाच्या डब्यातले माहितीपत्रक आणले, कंडक्टरकाकांनी मुलाच्या नोकरीचे नेमणूकपत्र आणले. मी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे महाराष्ट्राचे पान छापून नेले. त्यावर लिहिले होते की राज्यातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले ‘स्टंटेड’ आणि २५.६ टक्के मुले ‘वेस्टेड’ आहेत.

मॅडमनी वर्गाला ‘वेस्ट’चा अर्थ विचारला. एका मुलाने लगेच सांगितले, ‘वाया गेलेले.’ मी मान खाली घातली, कारण तो शब्द मी नावानिशी लेकरांपुढे भरत आले होते. मॅडमनी मग शब्दकोश उघडून त्या क्रियापदाचा दुसरा अर्थ वाचून दाखवला: झिजणे, अंगाने क्षीण होत जाणे. उंचीच्या मानाने वजन कमी असलेले, म्हणजे अलीकडे झडलेले मूल ‘वेस्टेड’. ‘स्टंटेड’ म्हणजे खुंटलेले, वयाच्या मानाने उंची कमी. पावसाने मोठी उघडीप दिली की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खुंटते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही, त्यामुळे तो शब्द मला एका क्षणात कळला. झडलेले मूल वेळेवर खाणे आणि औषध मिळाले तर काही आठवड्यांत भरून येऊ शकते, खुंटलेल्या मुलाची गेलेली उंची सहजासहजी परत येत नाही. बैठकीत आम्ही ज्याला नुसते ‘सॅम’ म्हणतो त्यातली तीन अक्षरेही त्या दिवशी सुटी झाली: ‘सिव्हिअर’ म्हणजे तीव्र, ‘अ‍ॅक्यूट’ म्हणजे अल्पावधीत उद्भवलेले, आणि ‘मालन्यूट्रिशन’ म्हणजे कुपोषण, त्यातले ‘माल’ म्हणजे वाईट, जे मलेरियाच्या नावातही आहे.

प्रशिक्षणात हे सर्व मराठीतून सांगितले गेलेच असणार, आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या आत, लाल भागात, आली की मूल सॅम, ११.५ ते १२.५ मध्ये आली की मॅम, म्हणजे मध्यम कुपोषित, हे आकडे मला पाठही होते. पण आकडा पाठ असणे आणि शब्द कळणे यांत फरक आहे. डिसेंबरात एका आईने मला विचारले, ‘बाई, पोरगं तं चांगलं जेवते, मंग पट्टी लाल कामून आली?’ पूर्वी मी तिला ‘सॅममध्ये आलं आहे, दवाखान्यात न्यावं लागेल’ एवढेच सांगितले असते. या वेळी मी तिला जवळ बसवून सांगितले की हे लेकरू जन्माचे बारके नाही, गेल्या महिन्या-दोन महिन्यांत झडले आहे, त्याला मध्ये काय झाले ते आठव. तिला दिवाळीनंतरची हगवण आठवली. दुसऱ्या दिवशी ती कोणी न सांगता लेकराला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली.

आता उणिवा. बोलणे मला अजून नीट येत नाही. समोरच्याने सावकाश विचारले तर मी तीन-चार वाक्यांत उत्तर देते, पण वरिष्ठ कार्यालयाच्या ऑनलाइन बैठकीत कोणी भरभर इंग्रजी बोलू लागले की अर्धे निसटते. ऐकण्याचा सराव या वर्गात जवळजवळ नाहीच. प्रौढांची आणि स्पर्धा परीक्षेच्या मुलांची तुकडी एकच असणे हीही मोठी चूक आहे, कारण त्यांना गुणांसाठी नियम हवे असतात आणि आम्हाला उद्याच्या कामासाठी वाक्ये हवी असतात. मुले पटकन उत्तर देऊन मोकळी होतात आणि आमच्यासारख्यांचे तोंड उघडण्याआधी विषय पुढे सरकलेला असतो. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, होऊन कापसाची वेचणी लागली तेव्हा माझे अकरा दिवस बुडाले. ते भरून देण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती आणि फीतही सूट मिळाली नाही. वीज गेली की वर्ग मोबाइलच्या उजेडात चाले. परतीची शेवटची गाडी साडेआठची आहे. ती दोनदा आलीच नाही आणि दोन्ही वेळा घरच्यांना मोटारसायकल घेऊन यावे लागले. दूरच्या गावातून येणाऱ्या बायांनी आधी गाडीची वेळ पाहावी आणि मगच फी भरावी.

आपल्या कामात कोणते इंग्रजी शब्द अडतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याने असा वर्ग जरूर लावावा आणि पहिल्या दिवशीच ते कागद घेऊन जावे. शिक्षकाने मागण्याची वाट पाहू नये, मी पाहिली आणि त्यात माझे तीन महिने गेले. नुसते फाडफाड बोलता यावे या अपेक्षेने जाणाऱ्याची या वर्गात निराशा होईल.

मी मार्चपासून पुढच्या तीन महिन्यांची फी भरली आहे. दोन्ही आशाताई आणि मी मिळून मॅडमना शनिवारी एक तास केवळ ऐकण्यासाठी ठेवण्याची विनंती केली, ती त्यांनी मान्य केली आहे. पहिल्या शनिवारसाठी मी गरोदर मातांच्या तपासणीविषयीची एक ध्वनिफीत मोबाइलवर घेऊन ठेवली आहे. तीन वेळा ऐकली, त्यातली सात वाक्ये अजून लागलेली नाहीत आणि ती कुठे येतात त्या वेळा वहीत लिहून ठेवल्या आहेत.