डायरीची सवय लावायचीय तर ही साधी वही घ्या

क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला एका छोट्या दुकानातून ए५ साइजची वही घेतली, १२० रुपयांना, आणि तीन महिने रोज लिहितेय म्हणून खात्रीने सांगते. शिवलेली बांधणी आहे त्यामुळे उघडली की सपाट राहते, मी मुलुंडहून सीएसएमटीला जाताना मांडीवर पर्स ठेवून लिहिते ना, मला हे फार महत्त्वाचं. कागद १०० जीएसएम, म्हणजे जाडसर, शाईपेनाने लिहिलं तरी मागे उमटत नाही.

आधी ऑनलाइन एक महागडी, तारखा छापलेली डायरी मागवलेली, शाई फुटायची आणि चार दिवस लिहायचे राहिले की ती कोरी पानं बघून परत उघडावीशीच वाटायची नाही. हिच्यात तारीख आपण टाकायची, त्यामुळे खाडा पडला तरी पान वाया जात नाही. तीनच ओळी लिहिते. काल घाटकोपरला चढलेल्या गजरेवालीच्या टोपलीतला मोगरा, ओलं फडकं टाकलेला, एवढंच लिहिलं आणि वाचताना अख्खा डबा डोळ्यासमोर आला!

कव्हर मात्र पातळ पुठ्ठ्याचं, पावसात कोपरे फुगले, प्लास्टिकचं कव्हर घालाच. दुकानातले काका शेवटच्या पानावर पेन चालवून बघू देतात, आपलं पेन घेऊन जा.