मुक्त विद्यापीठाचं बीए: नोकरी, संसार सांभाळून करणाऱ्यांसाठी माझा रिव्ह्यू

बऱ्याच बाया विचारतात की मुक्तमधून बीए करावं का, पैसे वाया जातील का, डिग्री चालते का वगैरे, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईल.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे कुठल्या चष्म्यातून बघतेय ते कळेल. मराठवाड्यातली, अंगणवाडीत मदतनीस. दहावी झाली आणि लग्न लावून दिलं. आमच्या घरात त्याआधी बारावीच्या पुढे गेलेली बाई नाही, पुरुषही एकच, तोही आयटीआय. पोरं हायस्कूलला गेल्यावर मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली, मग मुक्तला बीए. कारण अगदी साधं, आम्ही लागलो तेव्हा मदतनीसला सातवी पास चालायची, पण २०२३ पासून नवीन भरतीला सेविका काय न मदतनीस काय बारावीच लागते, आणि मुख्य सेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी, व्हायचं तर पदवी पाहिजे. ज्ञानाची ओढ वगैरे नंतर आली, आधी पगार.

तर मुक्त म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिकचं, १९८९ ला सरकारने कायदा करून काढलं, राम ताकवले सर पहिले कुलगुरू. खाजगी क्लासवाल्यांचं दुकान नाही हे आधी डोक्यात घ्या कारण आमच्याकडे "बाहेरून" म्हटलं की लोकांना पैसे देऊन सर्टिफिकेट आणल्यासारखं वाटतं. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे देशातल्या विद्यापीठांवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाने, पत्रक काढून सांगितलंय की मान्यता असलेल्या मुक्त किंवा दूरस्थ शिक्षणाची डिग्री रेग्युलर डिग्रीच्या बरोबरीचीच. एखादा क्लार्क नाक मुरडायला लागला तर हे पत्रक मोबाईलमधून दाखवायचं. फक्त तुम्ही घेताय तो कोर्स त्या वर्षीच्या मान्यतेच्या यादीत आहे का ते अॅडमिशनच्या आधी बघून घ्या.

आता पुस्तकं. याला मी पाचपैकी पाच देते, खरंच. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, मधेमधे स्वतःला तपासायला प्रश्न, शेवटी सारांश, अवघड शब्दांचे अर्थ आणि त्या मधल्या प्रश्नांची उत्तरं. म्हणजे समोर सर नाहीत हे गृहीत धरूनच लिहिलंय. रात्री भांडी झाल्यावर अर्धा तास मिळाला तर तेवढ्यात एक तुकडा संपतो आणि उद्या कुठून धरायचं ते सापडतं. पुण्यात एमपीएससी करणारी पोरंसुद्धा इतिहासाला मुक्तची पुस्तकं वाचतात, आता बोला. बरीचशी विद्यापीठाच्या साईटवर ई-बुक म्हणून फुकट आहेत, कोर्स घ्यायचा का नाही हे ठरत नसेल तर आधी एखादं उघडून दोन घटक वाचून बघा, झेपतंय की नाही लगेच कळेल. भाषा मात्र प्रमाण आहे आणि जाड आहे, समाजशास्त्राचं पहिलं प्रकरण मी मोठ्याने वाचायचे तेव्हा कुठे डोक्यात शिरायचं. दुसऱ्या पुस्तकापर्यंत सवय होते.

अभ्यासापेक्षा जास्त दम काढते ती कागदपत्रं. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी केलेली असेल तर बरं, नाहीतर राजपत्रात नाव बदलून घ्यायला लागू शकतं आणि त्याला वेळ लागतो. आणि आता २०२४ पासून मुक्त-दूरस्थच्या अॅडमिशनला डीईबी आयडी (यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा नंबर) लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी (शिक्षणाचे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर), आणि हे सगळं आधारच्या ओटीपीवर चालतं. निम्म्या बायांच्या आधारला नंबर असतो नवऱ्याचा, किंवा कधीच बंद पडलेल्या सिमचा. त्यामुळे माझं म्हणणं, फॉर्म निघायची वाट बघूच नका, आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा नंबर जोडून घ्या. बारावी राहिली असेल तर सतरा नंबरला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो हरवला असेल तर शाळेतून दुय्यम प्रत काढायला उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच जा.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं. विद्यापीठ नाशिकला, पण तुमच्यासाठी विद्यापीठ म्हणजे तुमचं अभ्यासकेंद्र. केंद्र बहुतेक कुठल्यातरी कॉलेजात असतं, तिथे केंद्र संयोजक असतात, शिकवणाऱ्यांना समंत्रक म्हणतात, आणि सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात. डिग्री सगळीकडची सारखी, पुस्तक सारखं, पेपर सारखा, पण बाई वर्ष पुरं करते का मधेच सोडते ते केंद्रावर ठरतं. माझ्या चुलत नणंदेने घराजवळचं म्हणून एक केंद्र घेतलं, तिथे सत्र म्हणजे रजिस्टरवर सही करायची आणि गाईडची यादी घेऊन घरी जायचं. दुसऱ्या वर्षाला तिने सोडून दिलं, हुशार होती माझ्यापेक्षा. माझं केंद्र लांब, एसटी बदलून जावं लागायचं, पण संयोजक सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "ताई, पोरं घेऊन आलात तरी चालेल, पण या." आणि खरंच मागच्या बाकावर बायांची पोरं चित्रं काढत बसलेली असायची. वर्गात एसटीचे एक कंडक्टर, दोन होमगार्ड, एक माजी सरपंच बाई, एक ऊसतोडीला जाणारं जोडपं, ते सीझनला कारखान्यावर गेले की सर त्यांना नोट्सचे फोटो पाठवायचे. कॉलेजात पंधरा-वीस वर्षांनी पाऊल ठेवताना चप्पल बाहेर काढू का असं विचारणारी बाई मी बघितलीय तिथे. अशा माणसाला पहिल्या दिवशी कोण कसं बोललं याच्यावर तीन वर्षं अवलंबून असतात.

म्हणून केंद्र निवडताना अंतर बघू नका, रविवारी जाऊन बघा. वर्ग उघडा आहे का, फळ्यावर काही लिहिलंय का. मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर मागा, दिला नाही तर काय समजायचं ते समजा.

घरचं थोडक्यात. नवऱ्याची ना नव्हती, सासूबाईंची अडचण वेगळीच, "रविवारी धुणं कोण धुणार?" आमच्याकडे पाणी रविवारी सुटायचं ना. शेवटी लेकाने धुणं घेतलं, कुरकुर करत का होईना.

परीक्षेचं म्हणाल तर माझ्या वेळी वार्षिक होती, २० मार्क गृहपाठाला आणि ८० लेखी, आता सेमिस्टर आलेत. वाचून आठवतं हो सगळं, पण तीन तास लिहायची सवय हाताला राहिलेली नसते. त्याला उपाय एकच, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन घड्याळ लावून लिहायचं. इंग्रजीला घाबरणाऱ्यांनी आधी इंग्रजीच काढावं, शेवटाला ठेवलं की तोच पेपर राहतो आणि त्याच्यासाठी डिग्री अडते. फी रेग्युलर कॉलेजच्या मानाने हलकी, पण एसटीचं भाडं, झेरॉक्स, सायबर कॅफेवाल्याचे पैसे धरून चाला, ते कोणी सांगत नाही.

एक स्टार कापला तो याच्यासाठी की सगळा भार शेवटी शिकणाऱ्यावर आणि केंद्रातल्या एखाद्या चांगल्या माणसावर येतो. पंचायत समितीच्या पातळीवर फॉर्म भरून देणारं, नावाची भानगड सोडवणारं कोणी असायला पाहिजे, जसं बचत गटांना मदत करायला गावातलीच सीआरपी ताई असते तसं. दूरस्थ शिक्षणाला त्याची सगळ्यात जास्त गरज, कारण इकडे येणाऱ्याच्या घरात विचारायला कोणी नसतं.

आणि हे कोणासाठी नाही तेही सांगते. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, वकिली यातलं काही करायचं असेल तर मुक्तच्या वाटेला जाऊ नका, हे कोर्स दूरस्थ पद्धतीने करायला यूजीसीची परवानगीच नाही. कोणी एजंट "घरबसल्या नर्सिंग" म्हणून पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.