बेळगाव परिसरासाठी हेलेबोर: कॉर्सिकन की ओरिएंटल संकर?

हेलेबोर ही थंड हवेतली बहुवर्षीय फुलझाडे. उष्ण, कोरड्या हवेच्या बागेसाठी त्यांपैकी कॉर्सिका बेटाकडच्या कॉर्सिकन हेलेबोरचे नाव नेहमी सुचवले जाते आणि ते रास्तही आहे. मात्र ही शिफारस भूमध्य समुद्राकाठच्या हवामानावर बेतलेली आहे, हे बेळगाव, निपाणी किंवा अथणीच्या बागप्रेमींनी आधी ध्यानात घ्यावे. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात असतो, तर आपल्याकडे वैशाखात तापलेल्या मुळांवर मृगाचा पाऊस कोसळतो. त्यामुळे येथे उन्हाइतकीच धास्ती साचलेल्या पाण्याची असते.

कॉर्सिकनची जाड, चामड्यासारखी, दातेरी कडांची पाने ऊन आणि कोरडेपणा बऱ्यापैकी सोसतात. फुले फिकट हिरव्या वाट्यांसारखी असतात. बहर सरला की फुललेली दांडी बुडापासून कापावी, म्हणजे शेजारच्या कोंभांना जागा मिळते. ओरिएंटल संकर म्हणजे बागांसाठी तयार केलेले मिश्र हेलेबोर; त्याच्या फुलांचे रंग पांढऱ्यापासून गडद जांभळ्यापर्यंत असतात आणि आपण ज्यांना पाकळ्या समजतो ती निदले (कळीला झाकणारी दले) असल्याने शोभा कित्येक आठवडे टिकते. परंतु त्याला सावली, बेताचा ओलावा आणि खरी थंडी लागते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असले, तरी येथील थंडी त्याच्या मूळच्या तुर्कस्तान-कॉकेशस भागातल्या थंडीपुढे अगदीच सौम्य असते, म्हणून फुलांची हमी कोणी देऊ नये. आल्प्समधल्या ख्रिसमस रोज या हेलेबोरचा तर विचारच नको.

मी एक संकर तांबड्या मातीत थेट लावला होता. मे महिना त्याने चाफ्याच्या सावलीत काढला. जुलैच्या झडीत मात्र देठ बुडाशी मऊ पडला आणि उपटल्यावर मुळे तपकिरी, हाताला बुळबुळीत लागली. म्हणून माझा कौल कॉर्सिकनला, तोही खोल कुंडीत: एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेला पाचोळा. खानापूरकडील आम्लधर्मी मातीत चिमूटभर चुना मिसळावा. अथणी-रायबागकडे पाऊस कमी, पण काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळाही कडक, त्यामुळे तेथेही कुंडीच बरी. सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशा पूर्वेच्या पडवीत ती ठेवावी आणि जून ते सप्टेंबर पागोळ्यांपासून आत सरकवावी.

दोन्ही झाडे विषारी आहेत, चीकही कातडीला झोंबतो. छाटताना हातमोजे घालावेत आणि लहान मुले व शेळ्या पोचतील अशा जागी कुंडी ठेवू नये.